क्रूस ठेवायचा तर किंमतही मोजा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आदिवासींत काम करणाऱ्या आणि कोठडीत वारलेल्या फादर स्टॅन स्वामी यांच्या स्मृतीचं एक व्याख्यान ठरलं होतं. तारीख ९ ऑगस्ट, म्हणजे आदिवासी दिन, आणि विषय पोटासाठी होणाऱ्या स्थलांतराचा. अभाविपने हरकत घेतली की यूएपीएच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, आरोपीचं उदात्तीकरण चाललंय, कॉलेजने कार्यक्रम रद्द केला, आणि मग आठवडाभर जो काही वाद झाला तो मी रोज जेवण झाल्यावर वाचत बसायचो आणि रोज चिडून झोपायचो. एकीकडून तेच, मिशनऱ्यांची कॉलेजं म्हणजे वरून शिक्षण आणि आतून अजेंडा. दुसरीकडून आमचे पुरोगामी मित्र, की अहो झेवियर्सइतकं सेक्युलर कॉलेज दाखवा, तिथे मल्हारसारखा कॉलेज फेस्टिव्हल होतो, तिथे कोण कुणाचा धर्म विचारतं, हा निव्वळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. दोघांनाही एक साधी गोष्ट दिसली नाही. स्टॅन स्वामी जेसुइट होते, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे, आणि कॉलेज जेसुइटांचं आहे. घरातल्या माणसाच्या नावाने घरातच होणारा कार्यक्रम होता तो, आणि शेजाऱ्याने दारात येऊन आवाज चढवला म्हणून आपल्याच माणसाचं वर्षश्राद्ध रद्द करावं तसं ते झालं. जेसुइट कॉलेज मुळात असतं कशासाठी, हे विचारल्याशिवाय या वादात कोण बरोबर ते ठरणार कसं?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्याच घालायच्यात त्यांना शेवटपर्यंत वाचायचा त्रास नको. कॅथलिक कॉलेजने उघडपणे कॅथलिक असावं. आडून, लाजत, 'आम्ही पण चारचौघांसारखेच हो' असं पुटपुटत नव्हे. पण ते कॅथलिक आहे की नाही हे ठरवताना भिंतीवरचा क्रूस, प्राचार्यांचा झगा आणि प्रवेशातला पन्नास टक्के कोटा या तिन्ही गोष्टी जरा बाजूला ठेवा. धर्मापायी ते कॉलेज असं काय करतं जे हिशोबाने चालणारी कुठलीही संस्था करणार नाही, कारण ते परवडतच नाही, एवढंच बघा. ही कसोटी लावली तर बरीचशी कॉलेजं काठावर पास होतील, काही सरळ नापास. तरीही ती बंद व्हावीत किंवा 'नॉर्मल' व्हावीत असं मला वाटत नाही, का ते पुढे येईलच.

मी वसईचा, जन्माने कॅथलिक आणि अजून तरी सवयीनेही. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, त्यामुळे ख्रिश्चन म्हणजे इंग्लिश हे समीकरण मला कळलं ते लोकलने मुंबईला कॉलेजात जायला लागल्यावर. पुढे काही वर्षं उपनगरातल्या एका कॅथलिक कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, सीएचबी म्हणतात ते. कॉलेजांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची टीम यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. माझा तास चालू होता, शिपाईमामा टेपचा रोल आणि लॅमिनेट केलेला कागद घेऊन आत आले, "सर, दोनच मिनटं", आणि फळ्याच्या उजवीकडे कॉलेजचं 'मिशन' चिकटवायला लागले. दोन पावलं मागे होऊन बघितलं, तिरकं झालं होतं, परत काढलं, टेपबरोबर भिंतीच्या रंगाचा टवका आला. कागदावर सुंदर इंग्रजीत लिहिलेलं की दुर्बल घटकांना प्राधान्य, न्यायावर उभा असलेला समाज वगैरे. त्या दिवशी आम्हा सगळ्या सीएचबीवाल्यांचं सात महिन्यांचं मानधन थकलेलं होतं. स्टाफरूममध्ये एक मॅडम म्हणाल्या, न्याय वर्गापर्यंत आलाय, आता अकाउंट्सपर्यंत पण येईल. नॅक होऊन गेल्यावर दोन महिन्यांनी आला.

त्याच कॉलेजातलं दुसरं चित्र. परीक्षेच्या दिवसात चॅपलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी असायची ती हिंदू मुलींची. दारात चपला काढायच्या, आत जाऊन मेणबत्ती लावायची, हॉल तिकीट वेदीच्या कडेला टेकवून परत घ्यायचं आणि पळायचं. सिस्टर एकदा म्हणाल्या पण, अगं चपला घातल्या तरी चालतात इथे. पोरींना ते काही पटलं नाही. त्या पोरींचं धर्मांतर झालं नाही, चॅपलचं देऊळही झालं नाही, आणि कुणाच्या भावनाही दुखावल्या नाहीत. आता समजा उद्या कुणी सेक्युलरपणाच्या नावाखाली त्या चॅपलची 'मल्टिपर्पज रूम' केली, तर कुणाचं भलं होणार? त्या मुलींचं तर नक्की नाही.

आता विरोधी बाजूचं ऐकू, आणि नीट ऐकू, कारण आमचे लोक हे टाळतात. धर्मांतराची भीती म्हणजे नुसता बागुलबुवा असं म्हणून झटकून टाकणं मला अप्रामाणिक वाटतं. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाज पेटून उठला होता, प्रकरण कोर्टात गेलं, आईबापांनी शाळेतून मुलं काढून घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं, मिशनऱ्यांकडून परत आलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही यावर पुण्या-मुंबईत रण माजलं आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्यासाठी शब्दशः समाजाचा रोष ओढवून घेतला. हे सगळे स्कॉटिश प्रोटेस्टंट होते, कॅथलिकांशी त्यांचं अजिबात पटायचं नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला काय, पाद्री तो पाद्री. शिक्षण दिलं की हिंदू धर्म आपोआप गळून पडेल अशी त्या काळच्या बऱ्याच मिशनऱ्यांची खरोखर अपेक्षा होती. म्हणजे संशयाला इतिहास आहे, तो मान्य.

पण मग इतिहासाचा पुढचा भाग पण बघा ना. झेवियर्स १८६९ चं. त्यानंतर मुंबईत सोफिया आलं, इतर कॉलेजं आली, गावोगाव कॉन्व्हेंट शाळा आल्या, लाखो हिंदू, मुसलमान, पारशी, जैन पोरं त्यातून शिकून बाहेर पडली. आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती किती? एक टक्क्याहूनही कमी. दीडशे वर्षं चाललेला हा धर्मांतराचा कारखाना असेल तर त्याच्या मॅनेजरला पहिल्या दहा वर्षांतच काढून टाकायला हवं होतं. शिवाय घटनेचं कलम २८ स्पष्ट आहे, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. कुठे बसवत असतील तर तक्रार करा, मी पण तुमच्याबरोबर सही करतो.

पुढचा मुद्दा पैशाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. अनुदानित कॉलेजच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणजे तुमच्या माझ्या करातून जातो, मग त्या कॉलेजला धार्मिक ओळख कशाला? कायद्याचं उत्तर सोपं आहे, कलम ३० म्हणतं की अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क आहे आणि तेवढ्या कारणाने सरकारने अनुदानात दुजाभाव करायचा नाही, १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी हा हक्क चांगलाच पक्का केला. पण कायद्याचं उत्तर देऊन समोरच्याचं तोंड बंद होतं, समाधान होत नाही. खरं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. इथलं सगळं शिक्षणच ओळख असलेल्या संस्थांनी उभं केलंय. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, तिला सरकारी पैसा मिळतो म्हणून कर्मवीरांचा वटवृक्ष आणि 'कमवा आणि शिका' पुसून टाका असं कुणी म्हणतं का? उलट रयतच्या शाळेत तो विचार राहिला नाही की आपल्यालाच वाईट वाटतं. सरकारने पगार द्यायचा म्हणजे सगळ्या संस्थांनी एकाच रंगाचं सरकारी ऑफिस व्हायचं असं नव्हे.

आणि विषय निघालाच आहे तर पुण्याची एक गोष्ट, जी कॅथलिकांनाही सहसा माहीत नसते. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, फर्ग्युसन १८८५. या मंडळींनी आजीव सभासदांची जी पद्धत घातली, पोटापुरता पगार घ्यायचा, महिना पंचाहत्तर रुपये, आणि आयुष्याची वीस वर्षं संस्थेला द्यायची, त्या तत्त्वाबद्दल बोलताना तेव्हा जेसुइटांचं नाव घेतलं जायचं. टिळक तर या बाबतीत फारच कडक. सभासदांनी बाहेरची कमाई आणि बाहेरचे उद्योग करावेत की नाही यावरून आगरकर-गोखल्यांशी खटके उडत गेले आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. टिळक हट्टी होते की बाकीचे व्यवहारी होते हा वाद पुणेकर अजून शंभर वर्षं घालतील, घालू देत. मला त्यातलं एवढंच दिसतं की पुण्याच्या ब्राह्मणांना जेसुइटांकडून क्रूस नको होता, बाप्तिस्मा नको होता, पण एक गोष्ट घ्यावीशी वाटली, ती म्हणजे स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकवणं. बाहेरच्याला जी ओळख लांबून दिसली ती आतल्यांना जवळून का दिसत नाही? आज बहुतेक कॅथलिक कॉलेजांत सेल्फ फायनान्स कोर्सच्या फीया बघा आणि त्या कोर्सला शिकवणाऱ्या पोरांना तासाला काय मिळतं ते विचारा, मग 'मिशन' कुठल्या भिंतीवर आहे ते बघायची गरज पडणार नाही.

चर्चच्या आत जे लोक ओळख वाचवायला निघालेत ते वेगळाच हिशोब मांडतात, डोकी मोजायचा. ही भानगड मुळात अमेरिकेतली. १९६७ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाचे फादर हेसबर्ग आणि इतर मंडळींनी विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्सला बसून जाहीर केलं की कॅथलिक विद्यापीठाला खरं विद्यापीठ व्हायचं तर त्याला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, अगदी चर्चच्या सत्तेपासूनही, स्वायत्तता हवी. कर्मठ मंडळींच्या मते घसरण तिथून सुरू झाली. मग १९९० च्या १५ ऑगस्टला पोप जॉन पॉल दुसरे यांनी विद्यापीठांसाठी नियमच काढले, त्यात एक असा की बिगर-कॅथलिक प्राध्यापकांचं बहुमत होऊ देऊ नये. २००९ मध्ये नोत्र दामने पदवीदानाला गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या ओबामांना बोलावलं तेव्हा त्यावरून केवढा गदारोळ झाला.

त्यांची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत धर्माच्या प्रेरणेने निघालेली कितीतरी प्रोटेस्टंट कॉलेजं, हार्वर्ड आणि येल धरून, हळूहळू अशी बदलली की आज तिथे धर्म फक्त जुन्या इमारतींच्या नावात उरलाय. कुणी एका दिवसात ठरवून केलं नाही, एकेक नेमणूक आणि एकेक कमिटी करत झालं. पण डोकी मोजून हे थांबतं का? झेवियर्सचं बघा. सुरुवातीला जर्मन जेसुइट, पहिल्या महायुद्धात ते शत्रूराष्ट्राचे ठरल्यावर स्पॅनिश आले, मग भारतीय. २०१५ मध्ये पहिल्यांदा जेसुइट नसलेले प्राचार्य झाले आणि त्यानंतर ख्रिस्ती नसलेलेही, वनस्पतिशास्त्राचे. काही जुन्या लोकांनी तेव्हा सुस्कारे सोडले होते. पण याच कॉलेजात ब्लॅटर नावाच्या स्विस जेसुइटाने गोळा केलेल्या झाडापाल्याचं हर्बेरियम आहे, सांतापाव नावाचा स्पॅनिश जेसुइट इथेच शिकवून पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा प्रमुख झाला आणि त्याला पद्मश्री मिळाली, आणि फादर हेरास विजयनगर आणि सिंधू लिपीच्या मागे आयुष्यभर लागले. सह्याद्रीतलं एखादं गवत नीट ओळखणं हेसुद्धा देवाचं काम आहे असं मानणारी ही माणसं होती. त्यांचा वारसा मराठी हिंदू वनस्पतिशास्त्रज्ञाने चालवला तर तो कमी कॅथलिक होतो, आणि बाप्तिस्मा झालेल्या मॅनेजमेंटवाल्याने चालवला तर जास्त? मला तर कॉलेजच्या कॅथलिकपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून २००३ पासून चाललेलं तिथलं अंध विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र दाखवावंसं वाटतं. त्यातून नफा नाही, मल्हारसारखं ग्लॅमर नाही, आणि तिथे येणाऱ्याचा धर्म कुणी बघत नाही.

नुसत्या धार्मिकतेवर विसंबून राहिलं तर काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर जॉर्जटाउन. १७८९ चं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं कॅथलिक विद्यापीठ. १८३८ मध्ये कॉलेज कर्जात बुडालं होतं तेव्हा मेरीलँडच्या जेसुइटांनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं, बायकापोरांसकट, १ लाख १५ हजार डॉलरला लुइझियानाला विकली. रोमहून अटी आल्या होत्या, कुटुंबं तोडू नका, त्यांना धर्म पाळता येईल असं बघा, आलेला पैसा कर्ज फेडायला वापरू नका. तिन्ही अटी मोडल्या. आता विचार करा, त्या काळात तिथे शिकवणारे सगळे कॅथलिक, रोज मिस्सा, भिंतीवर क्रूस, प्राध्यापकांत बहुमत सोडा शंभर टक्के. कर्मठ मंडळींच्या यादीतल्या सगळ्या चौकोनांवर बरोबरची खूण. आणि तेच कॉलेज माणसं विकून तरलं. २०१७ मध्ये जेसुइटांनी आणि विद्यापीठाने त्या लोकांच्या वंशजांसमोर माफी मागितली. मला विचाराल तर त्या दिवशी ते कॉलेज १८३८ पेक्षा जास्त कॅथलिक होतं, भले तोवर निम्मा स्टाफ देव मानत नसेल.

आपल्याकडे इतकं भयानक काही नाही, पण जो प्रश्न आहे तो बोचणारा आहे, आरक्षणाचा. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खाजगी कॉलेजांत आरक्षण आणायचा रस्ता मोकळा केला आणि त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने अकरावीच्या प्रवेशात अल्पसंख्याक कॉलेजांनाही एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लावायचा प्रयत्न केला, कॉलेजं हायकोर्टात गेली, स्थगिती मिळाली. कायद्याने कॉलेजं बरोबर आहेत, मला शंका नाही. पण एखादा आंबेडकरवादी मित्र विचारतो की गरिबांना प्राधान्य म्हणता आणि आमची पोरं दारात आली की कलम ३० दाखवता, तेव्हा माझी मान खाली जाते. आणि कोट्यातून येणारे ख्रिस्ती तरी कोण? वांद्र्याचा मुलगा सहज येतो, नगर-जालन्याकडच्या दलित ख्रिस्ती घरातला मराठी माध्यमाचा मुलगा किती येतो? त्याची तर दुहेरी कोंडी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला एससीच्या सवलती नाहीत. भारतातल्या बिशपांनी २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना स्वतःच कबूल केलं की १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत आणि चर्चमध्येही त्यांना अस्पृश्यता भोगावी लागते. मग उरलेल्या पन्नास टक्क्यांत स्वतःहून दलित-आदिवासी मुलांसाठी जागा ठेवायला, त्यांचं हॉस्टेल आणि इंग्रजीचे जादा तास बघायला कलम ३० कुठे आडवं येतं? त्या कलमाने संस्था चालवायचा हक्क दिला, कंजूषपणा करायची सक्ती नाही केली.

आता पुरोगामी मित्रांचा सगळ्यात दमदार मुद्दा, की बाबा, दिवस बरे नाहीत, गप्प राहण्यात शहाणपण आहे. हे मी हसण्यावारी नेत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आसाममध्ये एका संघटनेने शाळांमधले क्रूस आणि मूर्ती काढा, फादर-सिस्टरांनी झगे घालू नयेत अशी मुदत देऊन धमकी दिली होती. तिथल्या एखाद्या सिस्टरने वसईत पंख्याखाली बसून टाइप करणाऱ्या माझ्याकडून शौर्याचे धडे का घ्यावेत? त्याच एप्रिलमध्ये कॅथलिक बिशपांनी शाळांना सूचना काढल्या, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी जागा ठेवा. सूचना उत्तम, खरं तर फार आधीच यायला हव्या होत्या. पण नंतर तीनच महिन्यांत केरळात मूवाट्टुपुळाच्या एका कॅथलिक कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी नमाजसाठी जागा मागितली तर कॉलेजने ठाम नकार दिला. नकार द्यायचा हक्क होता, स्थानिक मुस्लिम पुढाऱ्यांनीही उलट दिलगिरी व्यक्त केली, विषय संपला. मला खटकतं ते वेगळंच. दुबळा काही मागायला आला की आपल्याला आपली कॅथलिक ओळख खडखडीत आठवते, आणि दांडगा दारात उभा राहिला की आपण एकदम सेक्युलर शिक्षणसंस्था होतो. अशी ओळख काय कामाची?

आणि गप्प राहून खरंच वाचता येतं का? व्याख्यान रद्द केल्यावर 'बघा किती समजूतदार कॉलेज आहे' असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही. प्राचार्यांची अडचण मला कळते, हजारो पोरं, पोलीस, परीक्षा, उद्या कॅम्पसवर काही झालं तर आईबाप त्यांनाच धरणार. पण स्टॅन स्वामी कोण होते ते तरी आठवा. रांचीजवळ आदिवासींत काम करणारा म्हातारा जेसुइट, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली तेव्हा वय त्र्याऐंशीच्या पुढे, पार्किन्सनमुळे हात थरथरायचे म्हणून तळोजा जेलमध्ये पाणी प्यायला सिपर मागावा लागला, खटला उभाच राहिला नाही आणि ५ जुलै २०२१ ला कोठडीतच, वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे मानणारे मानोत, कोर्टात सिद्ध झाले नाहीत ही वस्तुस्थिती आहे. एल साल्वाडोरमध्ये १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये सैनिकांनी तिथल्या जेसुइट विद्यापीठात घुसून सहा फादर, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी अशा आठ जणांना मारलं, कारण ते विद्यापीठ गरिबांच्या बाजूने संशोधन करायचं आणि बोलायचं. ते विद्यापीठ आजही चालू आहे आणि तो दिवस दरवर्षी पाळतं. इथे तर फक्त एक भाषण ऐकायचं होतं, तेही स्थलांतरावर.

मराठी वाचकांसाठी शेवटचं एक. मराठी भाषा दिन आला की फादर स्टीफन्सची 'हरळांमाजि रत्नकिळा' सगळ्यांच्या स्टेटसला येते, माझ्या पण येते. इंग्लंडातून आलेल्या या जेसुइटाने १६१६ मध्ये गोव्यात राचोलला जवळपास अकरा हजार ओव्यांचं पुराण छापलं, आणि त्यातल्या मराठीच्या कौतुकाच्या चार ओळी सोडल्या तर बाकी काय आहे हे स्टेटस ठेवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? बाकी सगळा ख्रिस्त आहे. त्याला मराठी गोड लागली ती ख्रिस्त सांगायचा होता म्हणून, आणि ज्या सत्तेच्या सावलीत तो बसला होता तिने देवळं पाडली होती हेही तितकंच खरं. आपण त्यातली गोड ओळ तेवढी कापून घेतो. कॉलेजांचं पण आपण तेच करतो, इंग्लिश द्या, शिस्त द्या, अ‍ॅडमिशन द्या, तो धर्म तेवढा तुमच्याकडेच ठेवा. आणि आता कॉलेजंच स्वतःहून ती ओळ कापून द्यायला लागलीत, ब्रोशरमध्ये वारसा, वर्षं, वास्तू सगळं असतं, तेवढी एक गोष्ट सोडून. माझ्या हिंदू मित्रांना मी म्हणेन, पूर्ण पुराण समोर असू द्या. न पटणारं बाजूला ठेवायचा हक्क तुम्हाला आहेच, पण समोरचा कोण आहे ते कळल्याशिवाय भांडणार तरी कुणाशी?

राहता राहिलं ते व्याख्यान. २०२६ मध्ये ९ ऑगस्ट रविवारी येतोय. लेक्चर नसतात, हॉल रिकामाच असतो.